स्टोव्हवरचा पंखा : एक चूक, काही मोजमापे आणि दोन हिवाळे

२६ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री आर्वेन नावाचे वादळ स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडवरून गेले. दहा लाखांहून अधिक घरांची वीज त्यात गेली आणि सुमारे चार हजार घरांत ती आठवडा उलटून गेल्यावरही आली नव्हती. आमचे घर कंब्रियात, केंडलच्या उत्तरेला एका लहान गावात आहे. आमच्याकडे वीज पाचव्या दिवशी आली. गावात गॅसची वाहिनी नसल्यामुळे इथली बहुतेक घरे तेलाच्या बॉयलरने तापतात. आमची तेलाची टाकी भरलेली होती, परंतु बॉयलरचा बर्नर आणि गरम पाणी फिरवणारा पंप हे दोन्ही विजेवर चालत असल्यामुळे ते तेल त्या पाच दिवसांत निरुपयोगी ठरले. आधार उरला तो बैठकीच्या खोलीतल्या लाकडाच्या स्टोव्हचा.

स्टोव्ह म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या वाचकांना रॉकेलचा स्टोव्ह आठवेल, म्हणून आधी सांगते की हा जाड लोखंडी पत्र्याचा आणि काच बसवलेल्या ओतीव दाराचा बंद पेटारा आहे. त्यात लाकूड जळते, धूर नळावाटे धुराड्यात जातो आणि तापलेले लोखंड खोलीला ऊब देते. आमचा स्टोव्ह ५ किलोवॉटचा आहे आणि जुन्या दगडी भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला आहे. त्या पाच रात्री मी, माझे यजमान आणि आठ वर्षांची मुलगी याच खोलीत झोपलो. स्टोव्हपासून दोन हातांवर अंगावरचा स्वेटर काढावा लागत होता आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी, बोटे गार पडत होती. तिसऱ्या रात्री पुस्तकांच्या वरच्या फळीवरून काही काढण्यासाठी मी स्टुलावर चढले आणि डोक्याला एकदम गरम हवा लागली. लाकूड आम्ही काटकसरीने जाळत होतो, आणि त्याची ऊब छताशी साठून राहत होती.

शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडे दूध द्यायला गेले, तेव्हा त्यांच्या स्टोव्हच्या माथ्यावर एक काळा, वीतभर उंचीचा पंखा फिरताना पाहिला. त्याला तार नव्हती, सेल नव्हते आणि गावात वीज नव्हती, तरी तो स्टोव्हची ऊब खोलीत पुढे ढकलत होता. पुढच्या हिवाळ्यात आजऱ्याहून माझी आई चार महिन्यांसाठी येणार होती आणि तिचे गुडघे थंडीत आखडतात. ते पाते फिरताना पाहिले त्याच दिवशी हा पंखा घ्यायचा असे मी मनात ठरवले. तो नीट निवडायला आणि वापरायला शिकण्यात मात्र जवळजवळ एक वर्ष गेले.

पंख्याला कोणत्याही परवान्याची गरज नसते, स्टोव्हला असते. पंखा घेण्याआधी स्टोव्हची कागदपत्रे पाहिली, हे मी या सगळ्यात योग्य क्रमाने केलेले एकमेव काम होते. इंग्लंडमध्ये लाकडाचा स्टोव्ह बसवणे हे इमारत नियमांखाली कळवण्याचे काम आहे. एकतर हेटाससारख्या मान्यताप्राप्त योजनेत नोंदलेल्या कारागिराकडून तो बसवून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते किंवा स्थानिक परिषदेच्या इमारत नियंत्रण विभागाला कळवून तपासणी करून घ्यावी लागते. आमच्या स्टोव्हचे प्रमाणपत्र घरखरेदीच्या कागदांत सापडले. विमा कंपनीला फोन केल्यावर कळले की त्यांना पंख्याशी काही देणेघेणे नाही, परंतु धुराडे दरवर्षी साफ केल्याची पावती त्यांना हवी असते, आणि आमची शेवटची पावती सोळा महिन्यांपूर्वीची होती. ७ जानेवारी २०२२ ला धुराडे साफ करणारे गृहस्थ आले. त्यांनी ६५ पौंड घेतले, जवळजवळ बादलीभर काजळी काढली आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणाऱ्या यंत्राचा सेल संपल्याचे दाखवून दिले. ते यंत्र मी त्याच संध्याकाळी २२ पौंडांना नवीन आणले. स्टोव्हवर काहीही ठेवण्याचा विचार करणाऱ्याने आधी हे यंत्र चालू असल्याची खात्री करावी.

त्याच आठवड्यात मी ऑनलाइन ३२ पौंडांचा, सहा पातींचा पंखा मागवला. ५० अंशांना सुरू होतो असे त्याच्या वर्णनात लिहिले होते आणि पाती जास्त म्हणजे हवा जास्त असा माझा समज होता. ११ जानेवारीला तो आला. मी तो स्टोव्हच्या माथ्यावर, धुराच्या नळासमोर, बरोबर मध्यभागी ठेवला, कारण सगळ्यात जास्त उष्णता तिथे असणार असे मला वाटले. दहा मिनिटांत पाती फिरू लागली आणि मुलगी टाळ्या वाजवू लागली. आठवडाभर आम्हाला त्याचे कौतुक होते. नंतर माझ्या लक्षात आले की स्टोव्ह पेटवल्यावर पहिला अर्धा तास तो वेगाने फिरतो आणि स्टोव्ह खूप तापला की मंदावतो. २ फेब्रुवारीला तो थांबला. थंड झाल्यावर बोटाने पाती फिरवली, तर ती अगदी मोकळी होती. मोटरच्या तारा दीड व्होल्टच्या सेलला लावल्या, तर मोटर फिरली. म्हणजे मोटर ठीक होती आणि वीज तयार करणारा भाग गेला होता.

हा भाग कसा काम करतो हे मी तेव्हा वाचले. ते आधी वाचले असते, तर हा पंखा वाचला असता. धातूंच्या जोडाच्या दोन टोकांमध्ये तापमानाचा फरक असला की विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे थॉमस योहान झेबेक या शास्त्रज्ञाच्या १८२१ मधल्या प्रयोगांतून पुढे आले. पंख्याच्या तळातून वर आलेला धातू आणि वरच्या थंड पट्ट्या यांच्यामध्ये बिस्किटाएवढी एक चौकोनी चकती दाबून बसवलेली असते. तिच्या दोन चिनी मातीच्या पातळ फरशांमध्ये बिस्मथ टेल्युराइडचे लहान लहान ठोकळे डाखाने जोडलेले असतात. खालची बाजू स्टोव्हमुळे तापते, वरची बाजू पट्ट्यांमुळे थंड राहते आणि या फरकातून मोटरपुरती वीज मिळते. मर्यादेपलीकडे तापवले, तर डाख सैल होतो आणि चकती कायमची निकामी होते.

या माहितीतली जी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती आणि जिच्यासाठी मी हा लेख लिहीत आहे, ती अशी की पंख्याला उष्णता जितकी लागते तितकाच गारवाही लागतो. मी त्याला सर्वांत गरम जागी ठेवले होते. मागे धुराचा तापलेला नळ होता आणि सभोवती कोनाड्यात कोंडलेली गरम हवा होती. तळ तापत होता आणि त्याच्याबरोबर वरच्या पट्ट्याही तापत होत्या, त्यामुळे दोहोंतला फरक कमी होऊन तो मंदावत होता, आणि मी आणखी एक ओंडका टाकून त्याला मदत केली असे समजत होते.

पैसे परत मिळवण्याचे काम किचकट होते, म्हणून तेही लिहिते. ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. ती मुदत उलटली होती. परंतु २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू सदोष असल्यास किंवा वर्णनाप्रमाणे नसल्यास ३० दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, आणि माझा बाविसावा दिवस होता. विक्रेत्याने पहिल्या उत्तरात मी पंखा अति तापवला असे लिहिले. मी त्यांना खरे तेच कळवले की तो मध्यभागी ठेवला होता, परंतु सोबतच्या पत्रकात कमाल तापमान किंवा ठेवण्याची जागा कुठेही दिलेली नाही, आणि त्या पत्रकाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडली. तीन पत्रे झाली. २१ फेब्रुवारीला पैसे जमा झाले; परत पाठवण्याचे टपालही त्यांनी सोसले. खोके, पत्रक आणि वस्तू हातात पडल्याच्या तारखेची नोंद निदान महिनाभर जपून ठेवावी.

दुसरा पंखा मी लगेच घेतला नाही. आधी स्टोव्ह मोजला. १८ पौंडांचा इन्फ्रारेड तापमापक आणला, जो पिस्तुलासारखा रोखला की पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा देतो, मात्र आमच्या स्टोव्हचा मॅट काळा रंग त्याला मानवतो. कागदावर स्टोव्हच्या माथ्याचा चौकोन काढून त्याचे नऊ भाग केले आणि मार्चमधल्या तीन संध्याकाळी दर पंधरा मिनिटांनी आकडे भरले. मुलीने हे काम हौसेने केले. नळाच्या पुढचा मधला भाग जोराच्या आचेवर ३७० अंशांपर्यंत जात होता. उजवी कड १८० ते २५० अंशांच्या दरम्यान राहत होती. मग मोजपट्टीने जागा मोजली. माथ्यापासून कोनाड्याच्या वरच्या दगडापर्यंत ३१ सेंटिमीटर आणि नळाच्या उजवीकडे १४ सेंटिमीटर रुंदी होती. बाजारातल्या पंख्यांची उंची पाहिली, तर त्यांतले काही तिथे बसले तरी वर हवा खेळायला जागा उरली नसती.

ही मोजमापे अनेक घरांत पंखा न घेण्याचा निर्णयही देऊ शकतात. भिंतीत पूर्ण बसवलेल्या स्टोव्हला वर मोकळा माथाच नसतो. काही स्टोव्हना दुहेरी आवरण असते, ज्याच्या पोकळीतून हवा वर जाते; त्यांचा वरचा पत्रा तुलनेने कमी तापतो आणि पंखा रडतखडत फिरतो. सोपस्टोन या दगडाचा माथा असेल, तर तो तापायलाच बराच वेळ घेतो. ज्यांचे घर मुळातच लहान आहे, त्यांना खोलीचे दार उघडे ठेवणे पुरेसे होते, हेही मी मैत्रिणीच्या घरी पाहिले आहे.

उन्हाळ्यात दोन जातींचा विचार केला. एक जात चकतीवर चालणारी. दुसरी स्टर्लिंग इंजिनावर चालणारी, ज्यात बंद नळकांड्यातली हवा आळीपाळीने तापून आणि निवून दट्ट्या हलवते. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८१६ मध्ये या इंजिनाचे पेटंट घेतले होते. ते यंत्र पाहायला फार सुंदर आहे आणि मला त्याचा मोह झाला होता, परंतु किंमत २०० पौंडांच्या पुढे होती, उंची आमच्या कोनाड्याला जास्त होती आणि उघड्यावर फिरणारे भाग मुलीच्या हाताच्या उंचीवर आले असते. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये मी केंडलपासून वीस मैलांवरच्या एका दुकानात जाऊन, हातात धरून पाहून, दोन रुंद पातींचा चकतीवरचा पंखा १०९ पौंडांना घेतला. निवडताना तीन गोष्टी पाहिल्या : पत्रकात किमान आणि कमाल, दोन्ही तापमाने स्पष्ट लिहिलेली आहेत का, चकती आणि मोटर सुटी मिळते का, आणि तळाखाली द्विधातू पट्टी आहे का. दोन वेगवेगळ्या धातूंची ही पट्टी जास्त तापली की वाकते आणि पंख्याचा तळ एका बाजूने किंचित उचलते, त्यामुळे चकतीकडे जाणारी उष्णता कमी होते. पातींच्या संख्येवर मात्र जाऊ नये. चकतीपासून मिळणारी वीज तुटपुंजी असते. तिच्यावर दोन रुंद पाती सावकाश आणि न गुणगुणता फिरतात, हे मला सहा पातींच्या वेगापेक्षा बरे वाटते. मिनिटाला इतकी घनफूट हवा असे जे आकडे खोक्यावर असतात, त्यांच्या आधारे मी काहीही ठरवले नाही.

ऑक्टोबरमध्ये जागा ठरवायला चार संध्याकाळ लागल्या. उजव्या मागच्या कोपऱ्यात पंखा तासाभराने मंदावत होता, कारण मागे हवा कोंडत होती. उजव्या कडेला, मध्यापासून थोडासा मागे आणि तोंड तिरपे स्वयंपाकघराच्या दाराकडे अशा स्थितीत तो न मंदावता तीन तास फिरला, कारण तिथे त्याला कोनाड्याच्या बाजूने येणारी गार हवा मिळत होती. ती जागा मी खडूने आखून ठेवली. माथ्यावर चिकटणारा लोहचुंबकी तापमापक १२ पौंडांना आणून शेजारी ठेवला आणि आमच्या पंख्याच्या पत्रकातल्या ३४५ अंशांच्या मर्यादेवर लाल खूण केली. काटा तिकडे झुकू लागला, तर आम्ही हवेची झडप थोडी बंद करतो. पंखा उचलायचा झाल्यास जाड हातमोजा घालून फक्त वरच्या कडीला धरायचे, कारण कडीही गरमच असते, आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत हात न्यायचा नाही. मुलीसाठी पुढे लोखंडी जाळी कायम लावलेली आहे.

लाकडाबद्दल लिहिले नाही, तर हे सगळे अपुरे राहील. ओले लाकूड स्वतःचे पाणी उडवण्यातच उष्णता घालवते, स्टोव्हचा माथा तापत नाही आणि पंखा फिरत नाही. दोष पंख्याला दिला जातो. मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये लहान प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणात ओलावा २० टक्क्यांपर्यंतच असावा असा नियम आहे आणि त्या गाठोड्यांवर तशी खूण असते. आम्ही मात्र स्वस्त पडते म्हणून मोठी खेप घेतो आणि शेडमध्ये सुकवतो. १५ पौंडांचा दोन सुयांचा ओलावामापक आहे. तो ओंडक्याच्या बाहेरच्या सालीवर न लावता, ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर लावायचा. बाहेरून १६ टक्के दाखवणारा बीच झाडाचा ओंडका आतून २७ निघाला, तेव्हापासून मी फोडल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

आई २० नोव्हेंबरला आली. पहिल्याच संध्याकाळी ती बराच वेळ पंख्याकडे पाहत बसली आणि तिने विचारले, “ह्याला वारा कोण घालतंय?” मी तिला समजावून सांगितले की याने नवी ऊब तयार होत नाही, जी ऊब वर छताशी जाऊन बसते, ती हा खोलीत पुढे ढकलतो आणि त्यासाठी लागणारी वीज स्टोव्हच्याच तापातून घेतो. ती म्हणाली, “म्हणजे वैलच की.” आजऱ्याच्या घरी चुलीच्या शेजारी वैल होता, मुख्य तोंडावर भाकरी व्हायची आणि पुढे सरकणाऱ्या आचेवर आमटी कढत राहायची. मी वर्षभर वाचून जे समजून घेतले होते, ते तिने एका शब्दात सांगितले.

डिसेंबर २०२२ चा दुसरा आठवडा इथे फार कडक थंडीचा होता. त्या दिवसांत मी दोन साध्या तापमापकांनी मोजले, एक आईच्या खुर्चीशी, स्टोव्हपासून साडेपाच मीटरवर, आणि दुसरा स्टोव्हजवळच्या फळीवर, छताखाली. रोज सहा वाजता स्टोव्ह पेटवून, सारख्याच वजनाचे लाकूड घालून, एक संध्याकाळ पंख्यासह आणि एक पंख्याविना अशा सहा संध्याकाळ पाहिल्या. दोन तासांनी पंख्याविना खुर्चीशी साधारण साडेसोळा अंश आणि फळीवर सत्तावीस अंश असत. पंख्यासह खुर्चीशी अठराच्या आसपास आणि फळीवर चोवीस अंश. हे फक्त आमच्या खोलीचे आकडे आहेत. लाकूड वाचते असे काही जाहिराती सांगतात. आमचे लाकूड विशेष वाचले नाही, कारण आम्ही पूर्वीइतकेच जाळले आणि पूर्वीपेक्षा उबेत बसलो. दीड अंशाने काय होते असे कोणी विचारेल. आईने त्या आठवड्यात खुर्ची स्टोव्हकडे ओढायचे बंद केले आणि गुडघ्यांवरची घोंगडी दुमडून ठेवली.

१४ डिसेंबरच्या रात्री गावाची वीज चार तास गेली. बॉयलर बंद पडला, दिवे गेले. पंखा काचेतून येणाऱ्या ज्वाळांच्या उजेडात फिरत राहिला. मी उठून कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्राची कळ दाबून पाहिली, ते सेलवर वाजले, आणि मग मला झोप लागली. मुलगी आजीच्या कुशीत आधीच झोपली होती.

एकच किरकोळ प्रसंग घडला. आईने चहाचे आधण स्टोव्हवर ठेवायची सवय लावली आणि एकदा किटली पंख्याला खेटून उतू गेली. पाण्याचे शिंतोडे तापलेल्या पट्ट्यांवर उडाले. नुकसान झाले नाही, परंतु चकतीच्या कडेने पाणी आत गेले असते, तर झाले असते. तेव्हापासून किटलीची जागा नळाच्या डावीकडे आणि अर्धीच भरायची, असे आम्ही दोघींनी ठरवले.

आई १८ मार्च २०२३ ला परत गेली. आजऱ्याच्या चुलीवर असा पंखा चालेल का असे तिने निघताना विचारले. चुलीला सपाट तापणारा माथा नसतो आणि उघडी ज्वाळा पंख्याला लागली, तर तो जळेल, म्हणून मी नाही सांगितले. एप्रिलच्या मध्यावर स्टोव्ह बंद केल्यावर मी पंखा पूर्ण थंड होऊ दिला, मऊ ब्रशने पट्ट्यांमधली धूळ आणि राख काढली, पाती बोटाने फिरवून अडखळत नाहीत ना ते पाहिले आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला, कारण उन्हाळ्यात थंड धुराड्यातून ओलसर हवा खाली येते आणि स्टोव्हच्या माथ्यावर गंज धरतो. हमीची मुदत दोन वर्षांची असल्यामुळे तोवर तो उघडायचा नाही असे ठरवले. धुराडे साफ करण्यासाठी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली वेळ घेतली, आणि ती पावती या वेळी विम्याच्या कागदांबरोबरच लावून ठेवायची असे ठरवले.